दगडाचे पीठ खाल्लेल्या वावराची व्यवस्था

मी, चांगुणाबाई लिंबाजी खंदारे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार झरी, तालुका व जिल्हा परभणी, घराच्या ओसरीवर बसून, चष्मा लावून, माझ्या स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याचा गुडघ्यांशी संबंध येत नाही, असे वकील निवेदिताबाईंनी मला सांगितले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, चहात काही घालून पाजलेले नाही. उलट "आई, आत्ताच कशाला" म्हणून मुलांनीच आजवर मला थांबवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगते. घर, ठेवी, भांडीकुंडी यांची वाटणी माझ्या मुलांनी माझ्यामागे न भांडता केली असती, तेवढी ती शहाणी आहेत. मला घोर लागला आहे तो माळावरच्या वावराचा. मी डोळे मिटले की ते वावर खदानीत जाईल, ही भीती मला दोन-चार वर्षे खाते आहे. ते खदानीत जाऊ नये, ज्या हाताला त्या मातीची ओळख आहे त्याच हातात जावे, एवढ्यासाठी हे लिहिणे. बाकीची कलमे कायद्याच्या समाधानासाठी आहेत.

कलम एक. माझे वारस दोन. मुलगा नागेश, पुण्यात कंपनीत अभियंता. मुलगी नीलम, परभणीत सरकारी कचेरीत लिपिक, दर रविवारी मला भेटायला येते. पती लिंबाजी, एसटीत वाहक होते, ते वारले. त्यांच्या पश्चात दोन्ही मुलांनी राजीखुशीने हक्कसोड लिहून दिल्याने घर आणि वावर माझ्या एकटीच्या नावे लागले. हक्कसोडाच्या दिवशी नागेश म्हणाला होता, "आई, तिथं दगडच तर आहेत, राहू दे तुझ्याच नावावर." तेव्हा तो प्रेमानेच म्हणाला. पण आता शेजारच्या खदानीच्या भगवानरावांनी त्याला फोन करून त्या दगडांचा भाव सांगितला आहे.

कलम दोन. झरी येथील राहते घर, ओसरी, दोन खोल्या, न्हाणी आणि मागची परसबाग यांसह, नागेश व नीलम यांना निम्मे-निम्मे. विकायचे ठरले तर खुशाल विकावे, भिंती मला प्रिय नाहीत. परसबागेतला शेवगा मात्र घर विकेपर्यंत तोडू नये. दगडाची भुकटी आम्ही पहिल्यांदा घातली ती त्याच्या बुडाशी. शेजारी म्हणाले, मास्तरीणबाईंनी झाडाला पुरायला घेतले आहे. पुढे त्याच शेजाऱ्यांनी शेंगा मागून नेल्या, आणि मी दिल्या.

कलम तीन. बँकेतील ठेवी दोघांना सारख्या. बोरमाळ नीलमला. पुस्तके आमच्या विहारातील अभ्यासिकेला द्यावीत. वेळेवर परत न करणाऱ्यांची नावे तिथल्या फळ्यावर लिहावीत, ही माझी अट. मी शाळेत हेच करत असे आणि माझ्या शाळेचे एकही पुस्तक हरवले नाही.

कलम चार. माझ्या पतीची वाहकाची कातडी पिशवी आणि तिकिटे टोचायचा चिमटा नागेशच्या मुलीला, वैष्णवीला. ती मागच्या सुट्टीत विचारत होती, आजोबा काय काम करायचे. बाळ, तुझे आजोबा परभणी-जिंतूर गाडीवर वाहक होते आणि त्या वाटेवर एक खडी फोडायचे यंत्र होते. यंत्राखाली काळ्या दगडाची जी बारीक भुकटी साठते, ती त्या काळी कोणाला नको असायची. आजोबा शेवटच्या फेरीला परत येताना तिथे गाडी थांबवत, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भुकटी भरून टपावर चढवत, आणि खाली येऊन स्वतःच्याच नावाने सामानाचे तिकीट फाडत. चालक त्यांना रोज विचारायचा, "खंदारे, घरी दगडं कमी पडायलेत का?" ते म्हणायचे, "माळ लय उपाशी हाय आमचा, त्याला पीठ न्यायलोय." सगळी गाडी हसायची. पण गोण्या टपावरून उतरवायला त्याच गाडीतले लोक हात लावायचे. त्यांच्या अंगावरच्या खाकी कपड्यांतून ती भुकटी धुतली तरी जात नसे, आणि आज खरे सांगते, मी ती कधी मनापासून धुतलीही नाही. त्या कपड्यांचा वास मला अजून आठवतो आणि ओसरीवर बसल्या बसल्या उगीच कोणाची तरी वाट पाहिल्यासारखे होते.

कलम पाच. श्री. भगवानराव यांना माझ्या मालमत्तेतले काहीही मिळणार नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण ते माझ्या वावराच्या उत्तरेला खदान चालवतात आणि दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतात. माणूस वाईट नाही, चकल्याही चांगल्या असतात. डबा ठेवून ते म्हणतात, "बाई, वर ईतभर माती, खाली काळा पत्थर. देऊन टाका की मला." मी सांगते की ती वीतभर माती आमच्या दोघांच्या जन्माची कमाई आहे आणि ती तुमच्याच पत्थराची झालेली आहे. त्यांना ते कळत नाही. त्यांच्या सुरुंगाने माझ्या मधल्या भिंतीला भेग पडली, तिचा राग मी सोबत घेऊन जात आहे, तो कोणाला वारसाने मिळणार नाही. भुकटी मात्र त्यांच्याकडूनच घेत राहावी, ती चांगली असते.

कलम सहा. मौजे झरी येथील माळावरचे वावर. चतुःसीमा अशी: पूर्वेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस भगवानरावांची खदान, पश्चिमेस माझी जाऊ गीताबाई बन्सीधर खंदारे हिचे वावर. गीताबाईचे आणि माझे वावर मूळचे एकच, सासऱ्यांनी घेतलेले. गावात दुसरे कोणी घेईना इतका तो मुरमाड माळ होता, म्हणून तो आमच्या वाट्याला आला. पुढे दोघा भावांत वाटणी होऊन मध्ये बांध पडला.

हे माझे वावर मी गीताबाईला देत आहे.

नागेश हे वाचून चकित होईल आणि गावाला तर तोंडात बोट घालावे लागेल, कारण गीताबाई आणि मी दोन तपे एकमेकींशी बोललेलो नाही. म्हणून कारणे लिहिते, म्हणजे कोर्टात कोणी माझ्या बुद्धीवर शंका घेणार नाही.

गीता माझी जाऊ व्हायच्या आधीची मैत्रीण. बहात्तरच्या दुष्काळात जिंतूरच्या रस्त्यावर सरकारी काम निघाले, तिथे आम्ही दोघी खडी फोडायला होतो. मी मॅट्रिक झालेली, ती शाळेचे तोंड न पाहिलेली; सही तेवढी तिला पुढे मी शिकवली. दगड उडू नये म्हणून त्याला चिंध्यांच्या चुंबळीत धरायचे आणि वरून हातोडा घालायचा, हे मला तिने शिकवले. माझा ढीग तिच्या निम्मासुद्धा होत नसे. मुकादम यायच्या आधी ती आपल्या ढिगातली चार घमेली माझ्याकडे लोटायची आणि वर म्हणायची, "मॅट्रिकवाले, तुजं शिक्षान हितं कामाला येईना गं." दुपारी आम्ही एका जुनेराच्या सावलीत बसून कामावर वाटलेली सुकडी खायचो आणि अख्ख्या मुलुखावर हसायचो. पोटात अन्न नव्हते, पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता, आणि तरी माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त हसणे त्या रस्त्याच्या कडेला झाले.

पुढच्या साली पाऊसपाणी झाले. आम्ही त्या रस्त्याने जात होतो. जिथे आम्ही महिनोन्‌महिने खडी फोडली, जिथे दगडाचा चुरा मातीत मिसळून शेळ्यांच्या लेंड्यांसकट कुजला होता, नेमके तिथेच गवत कमरेला आले होते. चार पावलांवर माळ उघडाबोडका. गीता थांबली, खाली बसली, मूठभर माती हातात घेतली आणि म्हणाली, "चांगुणे, ही आपली भुकटी खाऊन माजलंय बग." पुढे मी ज्या गोष्टीसाठी गावात ओळखली गेले, ती गोष्ट इतकीच आहे, आणि ती पहिल्यांदा तिने पाहिली.

मग माझे लग्न झाले. धाकटे दीर बन्सीधरभावजी लग्नाचे होते, तेव्हा मीच सासऱ्यांच्या मागे लागून गीताला या घरात आणली. लोक जाऊ घरात आली की धास्तावतात, मी वरातीच्या पुढे नाचले होते.

भांडणाचे मूळ २००१ सालचे. आमच्या वावरात तुरी, ज्वारी उभी राहायला लागली होती. भावजींनी त्यांच्या हिश्श्यात मोसंबी लावली होती आणि त्यांनाही वाटले, आपणही भुकटी घालावी. ते भाऊ होते, उठून विचारायचे होते. त्यांनी विचारले नाही. परभणीत फरशी पॉलिश करणाऱ्या दुकानामागे पांढऱ्याशुभ्र भुकटीचा डोंगर पडलेला असायचा, दुकानदार नेणाऱ्याचे उपकार मानायचा. आमच्या काळ्या भुकटीपेक्षा ती मऊ, मैद्यासारखी. भावजींना वाटले, दादाने रेताड आणली, आपण अस्सल आणू. ट्रॉली भरून आणली आणि मोसंबीच्या आळ्यांत घातली. आपल्या जमिनीत मुळातच चुना जास्त, आणि ती भुकटी संगमरवराची, म्हणजे पुन्हा चुनाच. वर्षभरात मोसंबीची पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मग शेंडे वाळले. भावजींनी ती बाग स्वतःच्या हाताने तोडली, आणि तोडताना ते रडत होते, हे मी बांधावरून पाहिले आहे.

ट्रॉली आली तेव्हा मी जनगणनेच्या कामावर जिंतूर तालुक्यात गावोगाव फिरत होते. मला काहीही ठाऊक नव्हते. पण बाग तुटली त्या दिवशी गीता हातपंपावर सगळ्या बायांसमोर मला म्हणाली, "तुला म्हाईत होतं पांढरी चालत न्हाई ते. मास्तरीण हायस तू. आमचं हिरवं झालेलं तुला बगवंना, म्हून बोलली न्हाईस." मी हंडा तिथेच ठेवून घरी आले. तो दिवस आणि आजचा दिवस, आमचा अबोला आहे. चूक तिची होती. हे मी जिवंतपणी मागे घेतले नाही आणि मृत्युपत्रातही घेत नाही.

आता वावर तिलाच का. माझे पती गेले तेव्हा ती आली, पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत माझी चूल तिने सांभाळली, माझ्यापुढे ताट ठेवले, उचलले, आणि एक शब्द बोलली नाही. भावजी गेले तेव्हा मीही तिच्याकडे तसेच केले. आमच्या दोघींचा ताठा सारखाच आहे. नागेश वावर विकेल, हे मी रागाने लिहीत नाही, पुण्यात बसलेल्या माणसाला माळ कशाला हवा. नीलम विकणार नाही, पण ती म्हणते, "आई, मला त्यातलं काही कळत नाही, करू तरी काय मी तिथं?" निवेदिताबाई सांगतात, विकू नये अशी अट जमिनीवर घातली तरी ती कोर्टात टिकत नाही. मग अट घालावी लागणार नाही असे माणूस शोधणे आले. मूठभर माती हातात घेऊन ती उपाशी आहे की नाही हे ओळखणारी माझ्या ओळखीत एकच बाई आहे, आणि तिने मला हातपंपावर खोटे ठरवले आहे. त्याला माझा इलाज नाही.

कलम सात. जो कोणी वावर करील त्याला सूचना. भुकटी काळ्या दगडाचीच आणावी. फरशीची, संगमरवराची, पांढरी अशी कोणतीही वावराच्या वाटेलाही आणू नये. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर ती शेणखतात मिसळून घालावी, नुसती घालू नये. उधळताना पाणी शिंपडून ओली करावी आणि नाकातोंडाला फडके बांधावे, दगडाची धूळ छातीत बसली तर निघत नाही. एका वर्षात फरक दिसला नाही म्हणून हिरमुसू नये. दगडाला घाई नसते. एकदा मी कृषी विद्यापीठात माती दाखवायला नेली होती. तिथले साहेब फार सभ्यपणे म्हणाले, बाई, भुकटीचा गुण फार हळू येतो, तुमच्या वावराला जास्त गुण शेणखताचा आहे. असेल. शेण आम्ही घालतच होतो, आणि आम्हाला तरी कुठे जायचे होते.

कलम आठ. माझा अंत्यविधी आपल्या रीतीने, त्रिशरण पंचशील घेऊन करावा. भाषणे आवरती घ्यावीत. रक्षा नदीत नेऊ नये, माळावर न्यावी, आणि तीही खतात मिसळूनच घालावी. नुसत्या राखेने काही होत नाही.

इथपर्यंत काल संध्याकाळी लिहून झाले होते. आज सह्या व्हायच्या होत्या. साक्षीदार म्हणून माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी मैथिलीबाई आणि नीलमच्या कचेरीतले विवेक येणार होते. पण नीलम कालच मुक्कामाला आली, तिने कलम सहा वाचले, आणि माझ्या मुलीच्या पोटात काही राहत नसल्यामुळे ती सकाळी दूध आणते म्हणून गेली ती थेट तिच्या काकूच्या घरी. त्यानंतर जे घडले ते पुढे लिहीत आहे. निवेदिताबाई म्हणतात, मृत्युपत्रात एवढे लिहायची गरज नाही. मला आहे.

निवेदिताबाई आणि दोघे साक्षीदार ओसरीवर बसलेले असताना गीता अंगणात येऊन उभी राहिली. तिचे केस सगळे पांढरे झालेत, हे मला रोज दुरून दिसत होते, भुवयाही पांढऱ्या झाल्यात हे आज जवळून दिसले. ती म्हणाली, "चांगुणे, माजं नाव काट त्यातून."

दोन तपांनी ऐकलेले तिचे पहिले वाक्य हे. मी म्हणाले, "आधी सगळं ऐकून तर घे. वावर तुझं होतंय."

"ऐकलं की. पोरीनं समदं सांगितलं. मेल्यावर वावर द्यायलीस आन् जित्तेपणी बोलंना झालीस. मी काय करू तुज्या वावराचं? तू न्हाई आन् मी एकलीच भुकटी इस्कटीत बसू तिथं? मला वावर नको. मला तू बोलाय पायजेस."

मी चष्मा काढून पदराने पुसला. तो परत लावून म्हणाले, "मग वावर कोण बघंल गं, गीते?"

"नीलमला दे. तिला कळत न्हाई तर मी हाय, तू हायस. दोगी मरस्तोवर शिकंल की ती. येडी न्हाई पोरगी."

निवेदिताबाईंनी मध्येच सांगितले की असा बदल करायचा तर आत्ताच करा, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, वाद होतात. गीताने ते नीट ऐकून घेतले. मग ओसरीची पायरी चढून माझ्या शेजारी सतरंजीवर बसली आणि विवेकला म्हणाली, "दादा, तुमी उठा. सही मी करते. म्हंजी ही उद्या पुन्ना माजं नाव घालायची न्हाई." विवेक उठले. नीलमने चहा टाकला.

सबब, कलम सहामध्ये गीताबाईला वावर देण्याचे जे वाक्य आहे, त्यावर मी आडवी रेघ मारली असून रेघेच्या दोन्ही टोकांना सही केली आहे. ते वावर आता नीलमला. त्यातील बाकी मजकूर तसाच ठेवला आहे, कारण तो खरा आहे. नागेशने आईवर रागावू नये. त्याला घरातला वाटा आहे आणि माझ्या मनातला वाटा कधीच कमी झालेला नाही.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि त्यांच्या देखत सही करत आहे.

ठिकाण: झरी, तालुका व जिल्हा परभणी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) चांगुणाबाई लिंबाजी खंदारे

साक्षीदार पहिली: (सही) मैथिली विष्णुपंत जोशी, निवृत्त शिक्षिका, परभणी. चांगुणाबाईंनी आमच्या समक्ष मजकूर वाचून सही केली.

साक्षीदार दुसरी: (सही) गीताबाई बन्सीधर खंदारे, राहणार झरी. यांचे म्हणणे त्यांच्या आग्रहावरून, त्या बोलल्या तसेच, ॲड. निवेदिता यांनी उतरवून घेतले:

"चांगुणाबाईचं डोस्कं ठिकाणावर हाय. तिनं माज्या म्होरं सही केली, मी तिच्या म्होरं केली. पांढऱ्या भुकटीचं तिला म्हाईत होतं, हे माजं म्हननं मी सोडलेलं न्हाई. पर ते भांडान आता आमी बोलून भांडनार हाव."